नाव कमी करणारी प्रोसिजर

३ मार्च, सोमवार

किल्लेदारांनी आज माझं पाणी जोखलं. फार खोल लागलं नसावं!

वही नवी आहे म्हणून सांगून ठेवते. किल्लेदार म्हणजे आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त पगारपत्रकात. बावीस वर्षं एकच खुर्ची, एकच खिडकी, एकच स्वेटर. कुठला रुग्ण कधी आला, बुबुळ बसवून घ्यायला कोण कितव्या नंबरावर थांबलंय, सगळं त्यांच्या डेटाबेसात. आणि डेटाबेसाच्या पोटात त्यांनी स्वतः लिहिलेल्या एकशे चौऱ्याहत्तर प्रोसिजर. एकेक प्रोसिजर म्हणजे एकेक ठरलेलं काम — नाव नोंदवा, नंबर सांगा, नाव कमी करा.

आता रुग्णांसाठी मोबाइलवर ॲप येतंय. ॲप आणि डेटाबेस यांच्या मधला प्रोग्राम माझ्या गळ्यात. ॲपनं मला विचारायचं, मी किल्लेदारांच्या प्रोसिजरला.

त्यांनी बसवून घेतलं आणि कायदा सांगितला. "थेट डेटाबेसाच्या तक्त्यात हात घालायचा नाही, मॅडम. प्रोसिजरला नावानं हाक मारायची. ती मागेल ते द्यायचं, ती देईल ते घ्यायचं. आत डोकवायचं नाही."

हसूच आलं. सासूबाईंच्या स्वयंपाकघराचाही हाच कायदा! ओट्याशी यायचं नाही, काय हवं ते दारातून सांगायचं, समोर येईल ते खायचं. सात महिने झाले नोकरीला लागून, त्याआधी चार वर्षं घरी सराव झालाय माझा.

४ मार्च

पहिली हाक वाया गेली. प्रोसिजर सात गोष्टी मागते. मी सातही दिल्या, पण माझ्या क्रमानं. जन्मसाल गेलं वजनाच्या जागी. पडद्यावर एक आजोबा अवतरले — वजन एक हजार नऊशे एकोणपन्नास किलो.

किल्लेदार बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यांना लिफ्टनं आणू नका."

प्रत्येक गोष्ट तिच्या नावानिशी द्यायची म्हणे, क्रमाच्या भरवशावर नाही. हे कालच सांगितलं असतं तर! सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा चहा ओतत होते.

६ मार्च

आज प्रोसिजरनं यादी दिली, पण शेवटचा आकडा — एकूण किती जण थांबलेत — रिकामाच! दोन तास डोकं आपटलं. शेवटी गेले शरण.

"यादी पूर्ण वाचली का?"

"पहिल्या दहा ओळी वाचल्या. बाकीच्या कशाला हव्यात?"

"ती सगळं सांगून झाल्यावरच तो आकडा देते. तुम्ही मधेच उठून आलात." आणि चष्म्यावरून बघत, "घरीही असंच करता का हो?"

करते. नवऱ्याला विचारा. पण हे किल्लेदारांना कशाला सांगू!

७ मार्च

प्रोसिजरमध्ये डोकवायचं नाही म्हणाले होते. डोकावले. आतमध्ये त्यांनी टिपा लिहून ठेवल्यात. एका ठिकाणी: "इथे हात लावण्याआधी मला विचारावे. मी नसेन तर लावू नये." दुसरीकडे, अकरा वर्षांपूर्वीची: "हे का करावे लागते ते मलाही आठवत नाही, पण काढल्यास बिघडते."

मला हा माणूस आवडायला लागलाय. त्यांना कळता कामा नये.

९ मार्च, रविवार

नवऱ्याचा फोन. लिफ्ट बसवण्याचं त्याचं काम, महिन्यातले वीस दिवस परगावी. नेहमीचा प्रश्न — "आईचा नंबर कुठवर आला?"

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ जुन्या जखमेनं पांढरं पडलंय. डावा कामचलाऊ. आमच्याच हॉस्पिटलात नाव नोंदवलंय, दीड वर्ष होईल. मी तिथं नोकरीला लागले त्याच्या आधीपासूनचं. फोन त्यांच्याकडे दिला तर ठरलेलं उत्तर: "रांग मोठी आहे रे. तू वेळेवर जेव."

मला विचारतात लोक, तू तिथंच आहेस, बघून सांग की! पण पहिल्याच दिवशी सही घेतली आहे — घरच्या माणसाची नोंद उघडायची नाही. सात महिन्यांत एकदाही उघडलेली नाही. एवढी एकच शिस्त मी आयुष्यात पाळली असेन.

डोळे अंधुक, पण सासूबाईंची जीभ चांगली धारदार आहे. मी नवा पिवळा कुर्ता घालून समोर उभी राहिले तर म्हणाल्या, "पडदे धुवायला काढलेस का?"

११ मार्च, मंगळवार

"नाव कमी करा" राहिलीय. रुग्णाला ॲपवरून स्वतःचं नाव यादीतून काढून घेता यायला हवं, त्यासाठीची प्रोसिजर. डेटाबेसाची चाचणीसाठी वेगळी प्रत आहे, पण तिच्यातली प्रोसिजर जुनी. सहाच गोष्टी मागते. खरी सात मागते. किल्लेदार म्हणाले, प्रत सोमवारी नवी करून देतो. सोमवारी! शुक्रवारी साहेबांना दाखवायचंय.

मग केली युक्ती. खऱ्या डेटाबेसावरच हाक मारली, आणि लगेच रोलबॅक — म्हणजे केलेलं सगळं मागं घेतलं, काही झालंच नाही असं. पडद्यावर एरर नाही, आरडाओरडा नाही, गेली हाक गुपचूप. परत काय आलं ते बघायला थांबलेही नाही. चाललं ना? बास!

रुग्ण क्रमांक कुणाचा दिला? सासूबाईंचा. दर महिन्याला त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर मीच लिहिते, तेवढा एकच पाठ आहे. नोंद उघडायची नाही असं सहीत म्हटलंय. हाक मारायची नाही असं कुठं म्हटलंय!

१२ मार्च

सगळं सुरळीत. इतकं सुरळीत की मला माझाच हेवा वाटला.

१४ मार्च, शुक्रवार

आज अक्षर वाकडं येईल.

दुपारी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. दर तासाला "झालं का?" विचारतात म्हणून आम्ही त्यांना झालंका म्हणतो. सोबत चार डॉक्टर, कोपऱ्यात हाताची घडी घालून किल्लेदार. मी म्हटलं, आता रुग्णाला त्याचा यादीतला नंबर कसा दिसतो बघा. पडद्यावरच्या चौकटीत मंगळवारचा क्रमांक तसाच राहिला होता. माझ्या लक्षात यायच्या आत झालंकांनी स्वतःच बटण दाबलं.

"या क्रमांकाचे नाव प्रतीक्षा यादीत नाही."

झालंका खूश! "वा! यादीत नसलेला माणूसही ओळखतो!" डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो क्रमांक सासूबाईंचा होता!

नंतर किल्लेदारांच्या खोलीत गेले. शक्य तितकं सहज विचारलं, "समजा एखाद्यानं 'नाव कमी करा'ला हाक मारली आणि मग रोलबॅक केलं, तर?"

"तर काही उपयोग नाही. ती आतल्या आतच कायम करून टाकते. बाहेरच्यानं मागं घेतो म्हटलं तरी ऐकत नाही. मुद्दाम तशी लिहिलीय." मग खुर्ची वळवली. "समजा म्हणजे तुम्हीच ना?"

मी टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. स्वेटरची बाही तेवढी वर केली.

१५ मार्च

उतावळ्या माणसानं कुठं नोकरी करू नये. घरी बसून वाटाणे सोलावेत. तेही न मोजता.

दीड वर्ष! दीड वर्ष त्या बाई डब्यांची झाकणं चाचपून मीठ की साखर ते ओळखतायत, आणि मी एका बटणात त्यांचं नाव पुसलं. तेही त्यांचाच क्रमांक पाठ आहे या प्रेमापोटी. पुन्हा नोंदवता येतं — शेवटच्या नंबरावर. पुन्हा दीड वर्ष, नाहीतर दोन. तोवर डावा डोळा किती टिकेल, कोण सांगणार?

सकाळी त्यांनी चहा दिला. कपाचा कान बरोबर माझ्या हाताकडे वळवून. नीट दिसत नाही तरी हे कधी चुकत नाही. मी कप तसाच धरून बसले. म्हणाल्या, "काय ग, साखर पडली नाही का?"

"पडली, आई."

एवढंच बोलले. भित्री कुठची.

१५ मार्च, संध्याकाळ

किल्लेदारांच्या घरी फोन केला. सगळं सांगितलं, क्रमांक कुणाचा तेही. मधेच कोणी तोडेल म्हणून भरभर बोलले, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "तुम्ही आतून ती जागा परत देऊ शकत नाही का?"

"माझ्या हातात असतं तरी दिली नसती," ते म्हणाले. "आणि माझ्या हातात नाही, तेही मीच ठरवलंय."

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका वजनदार माणसाच्या नातेवाइकाचं नाव वर सरकवण्याचा हुकूम आला होता. त्यानंतरच त्यांनी ती प्रोसिजर अशी बांधली, की एकदा गेलेलं नाव आत कुणालाही गुपचूप परत घालता येऊ नये. त्यांनासुद्धा नाही. "उद्या माझी बहीण असेल यादीत. मला मोह होणार नाही कशावरून?"

रस्ता एकच. चूक हॉस्पिटलची असेल तर मोठ्या डॉक्टरबाई जुनी जागा परत देऊ शकतात. पण त्यासाठी चूक कुणाची ते लेखी द्यावं लागेल. सहीसकट.

म्हणजे माझी सही. नोंद उघडणार नाही म्हणून केलेल्या सहीच्या शेजारी. आणि नोकरी अजून कच्ची आहे, कायम व्हायला पाच महिने बाकी.

१६ मार्च, रविवार

सासूबाईंना सांगितलं. नवऱ्याआधी त्यांनाच. त्याला अगदी पहिल्यापासून समजवायला माझ्यात त्राण नव्हतं.

त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी चिमटे देत देत सांगितलं. प्रोसिजर, रोलबॅक, काही वगळलं नाही. शेवटी म्हटलं, "आई, तुमचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं." आणि रडले. अगदी नाक वाहेपर्यंत. पिवळ्या कुर्त्याला पुसलं.

त्या चादरीच्या पलीकडे होत्या. मला तोंड दिसत नव्हतं. पलीकडून आवाज आला, "तू पुसलंस?"

"हो."

"तू?"

"हो म्हणतेय ना, आई!"

आणि हसल्या! चक्क हसल्या, चादर हलेपर्यंत. म्हणाल्या, "मग आता महिनाभर भांडी तुझ्याकडे." मी म्हटलं, वर्षभर घासते. तर चादरीखालून वाकून अलीकडे आल्या, माझा गाल चाचपला — खरंच रडतेय की सोंग आहे ते बघायला — आणि एकदम गंभीर झाल्या. "ऑफिसात बोलू नकोस हां हे. कागद-बिगद काही देऊ नकोस. मला कुठं घाई आहे? डोळे नीट झाले तर तुझ्या झाडूतून सुटलेलं सगळं दिसेल मला. आहे ते सुखाचं आहे."

"पण जागा परत मिळू शकते —"

"नको म्हटलं ना! शपथ आहे तुला."

एवढं मोठं मन असतं का कुणाचं? माझी नोकरी वाचावी म्हणून स्वतःच्या डोळ्यावर पाणी सोडतायत! मला जास्तच रडू आलं. शपथ घातली आहे खरी. मी घेतलेली मात्र नाही.

१७ मार्च

अर्ज दिला. दीड पान. पहिल्या मसुद्यात "तांत्रिक अडचणीमुळे" असं लिहिलं होतं. किल्लेदारांनी लाल पेनानं तेवढंच खोडलं आणि वर लिहिलं, "माझ्या उतावळेपणामुळे". मुकाट्यानं तसंच लिहून काढलं.

मोठ्या डॉक्टरबाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "सही करताना काय लिहिलंय ते वाचलं होतंत ना?" हो म्हटलं. "मग पुढचं मी बघते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आत प्रत्येक हाकेची आपोआप नोंद होते — कधी आली, कुणी मारली, काय उत्तर गेलं. ती त्यांनी किल्लेदारांकडे मागितली आहे. रुग्णांची खासगी गोष्ट म्हणून लेखी परवानगीशिवाय ती कुणी उघडत नाही.

१८ मार्च

झालंकांना कळलंय. आज दिवसभरात एकदाही "झालं का?" विचारलं नाही. वाईट लक्षण.

घरी भांडी घासली. एक बशी फुटली. आतून आवाज — "ती पण यादीतून गेली का ग?"

१९ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई काय म्हणाली?" हसल्या म्हटलं. "हसली?" तो म्हणाला. "माझी सायकल गटारात पडली तेव्हा पंधरा दिवस बोलली नव्हती माझ्याशी." आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ लागला नाही. आईचं सुनेवर जास्त प्रेम आहे, असा त्यानं निकाल दिला आणि जरासा रुसलाही.

२० मार्च, गुरुवार

मी नाही! मी नाही! मी नाही!

किल्लेदारांनी सकाळीच बोलावलं. समोर नोंदीचा कागद. माझी हाक ११ मार्चची, तिच्यापुढे प्रोसिजरचं उत्तर: "नाव यादीत नाही. काहीही कमी केले नाही." म्हणजे मी हाक मारली तेव्हा नाव तिथं नव्हतंच! तिनं मला सरळ सांगितलं होतं, मी ऐकायला थांबले नाही एवढंच.

"नाव गेलंय गेल्या वर्षी एकोणीस ऑगस्टला," किल्लेदार म्हणाले. "टेलिफोनच्या टेबलावरून."

मी त्यांच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली. खरंच मारली! टेलिफोनवाल्या बाईंचं काम, दुसरं काय. दिवसाला तीनशे फोन घेतात, कुणाचा तरी क्रमांक चुकून दाबला असेल. म्हणजे चूक हॉस्पिटलचीच, म्हणजे जागा परत मिळणार! मी म्हटलं, "आता मीच लाल पेन घेऊन बसते त्या बाईंसमोर!"

किल्लेदार हसले नाहीत. कारण काय दिलं ते वेगळ्या तक्त्यात असतं म्हणाले, उद्या परवानगी घेऊन काढतो. आणि म्हणाले, "आज घरी काही बोलू नका."

का कोण जाणे! पण बोलले नाही. आनंद पोटात मावत नसताना गप्प बसले. हे मला जमलं, याची इथं नोंद असू दे. सासूबाई म्हणाल्या, "आज भांड्यांचा आवाज हसरा येतोय." उद्या कागदच हातात ठेवीन त्यांच्या, वाचूनही दाखवीन.

२१ मार्च

कारणाच्या रकान्यात टेलिफोनवाल्या बाईंनी पलीकडचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलंय. एकोणीस ऑगस्ट, सकाळी अकरा, रुग्ण स्वतः बोलत आहेत:

"नंबर आला खरा, पण ऑपरेशननंतर तीन आठवडे दर तासाला डोळ्यात थेंब घालायला माणूस लागतं म्हणता. मुलगा फिरतीवर असतो. सून आठच दिवसांपूर्वी तुमच्याकडे नोकरीला लागली, वर्षभर तिला रजा नाही. तिला यातलं काही सांगू नका. माझ्या मागच्याला बोलवा."